चौथ्या जनावराचे काय?

डिसेंबर २०१८ पासून उत्तर सिक्कीममधील मुकुथांग आणि युमथांग खोऱ्यांत बर्फ पडू लागला आणि तो नेहमीसारखा ओसरला नाही. कुरणे बर्फाखाली गेली, वाटा बंद झाल्या. विमानातून चारा टाकण्याचे प्रशासनाचे प्रयत्न खराब हवामानापुढे फोल ठरले. मे २०१९ मध्ये वाटा मोकळ्या होऊन जिल्हा प्रशासनाची पथके तेथे पोहोचली, तेव्हा किमान तीनशे याक उपासमारीने मरून पडलेले आढळले. सांगाड्यांची ती छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली, हळहळ व्यक्त झाली आणि दोन-चार दिवसांत विषय मागे पडला. मागे उरला तो मदतीचा हिशेब. तो सरळ होता. एका याकामागे तीस हजार रुपये आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन याकांची मदत.

ज्या कुटुंबाचे तीन याक दगावले त्याला नव्वद हजार रुपये, आणि ज्याचे वीस दगावले त्यालाही नव्वद हजारच. चौथ्यापासून विसाव्यापर्यंतचे सतरा याक सरकारच्या लेखी मेलेच नाहीत. यात सिक्कीम सरकारचा किंवा तेथील जिल्हाधिकाऱ्यांचा दोष नव्हता. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून खर्च करताना केंद्रीय गृहमंत्रालयाने ठरवून दिलेले निकष पाळावे लागतात आणि तीनची मर्यादा त्या निकषांतच लिहिलेली आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार साऱ्या देशात उरलेल्या याकांची संख्या जेमतेम ५८ हजार होती आणि आधीच्या गणनेपेक्षा ती सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटली होती. ज्या प्राण्याच्या घटत्या संख्येची चिंता एक मंत्रालय वाहते, त्याच प्राण्याच्या पालकाला दुसऱ्या मंत्रालयाचे निकष चौथ्या याकापाशी थांबवतात.

राजधानीत आपत्तीचे राजकारण बहुधा मोठ्या आकड्यांभोवती फिरते. राज्याने किती हजार कोटी मागितले, केंद्राने किती दिले, पाहणी पथक उशिरा का आले, यावर संसदेत आणि वाहिन्यांवर वाद झडतात. हे कोट्यवधी रुपये शेवटी ज्या कोष्टकातून गोठ्यापर्यंत झिरपतात, त्या कोष्टकाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. हे कोष्टक कसे घडले, ते कोणाला धरते आणि कोणाला वगळते, हा प्रश्न राजकीयच आहे.

मदत आणि भरपाई

नैसर्गिक आपत्तींसाठी राज्यांच्या हाती कायमस्वरूपी निधी असावा, ही कल्पना नवव्या वित्त आयोगाची. त्यातून १९९० मध्ये आपत्ती निवारण निधी उभा राहिला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने त्याला वैधानिक आधार दिला आणि २०१० पासून राज्य आपत्ती प्रतिसाद निधी व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी अशी आजची रचना अस्तित्वात आली. राज्य निधीत सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्राचा वाटा पंचाहत्तर टक्के, तर ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी नव्वद टक्के. ज्याचा पैसा त्याचे निकष, या न्यायाने हा खर्च कोणत्या दराने करायचा ते केंद्र ठरवते.

या निकषांचा प्रवास उद्बोधक आहे. २०१५ पूर्वी दुभत्या गाई-म्हशीसाठी १६,४०० रुपये मिळत आणि एका कुटुंबाला एकाच मोठ्या दुभत्या जनावराची किंवा चार शेळ्या-मेंढ्यांची मदत मिळे. २०१५ मध्ये दर तीस हजारांवर गेला आणि मर्यादाही वाढली. तीन मोठी दुभती जनावरे, किंवा तीस शेळ्या-मेंढ्या, किंवा ओढकामाची तीन मोठी वा सहा लहान जनावरे अशी नवी चौकट आखली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये २०२६ पर्यंतच्या काळासाठी निकष पुन्हा सुधारले गेले. त्यांत गाय, म्हैस, उंट, याक आणि मिथुन यांसाठी ३७,५०० रुपये, बैल, उंट व घोडा अशा ओढकामाच्या जनावरासाठी ३२,००० रुपये, वासरू, गाढव, शिंगरू व खेचर यांसाठी २०,००० रुपये, शेळी, मेंढी व डुकरासाठी ४,००० रुपये आणि कोंबडीमागे शंभर रुपये असे दर ठरले. दर वाढले, मर्यादा मात्र २०१५ च्या ठिकाणीच राहिली.

याचा अर्थ एवढाच, की मर्यादा ही काही निसर्गाने आखलेली रेषा नाही. ती एकावरून तीनवर आणि चारवरून तीसवर जाऊ शकली, कारण कोणीतरी तसा निर्णय घेतला. जे एकदा बदलले ते पुन्हा बदलू शकते.

तथापि, अधिकाऱ्यांच्या बाजूचा युक्तिवादही नीट समजून घ्यायला हवा. या निधीतून दिली जाते ती मदत असते, भरपाई नव्हे, ही केंद्राची भूमिका आहे. नुकसानीची पूर्ण किंमत चुकती करण्याची जबाबदारी सरकारने कधीच स्वीकारलेली नाही. संकटग्रस्ताला पुन्हा पायावर उभे राहण्यापुरता आधार देणे एवढाच हेतू. निधी मर्यादित, आपत्ती अनेक आणि मागणीला अंत नाही. तेव्हा थोडे थोडे सर्वांना मिळावे यासाठी मर्यादा हवीच. शिवाय ज्याच्याकडे वीस जनावरे आहेत तो तीन जनावरे असलेल्यापेक्षा सुस्थितीत असणार, असे गृहीतही त्यामागे आहे.

हे गृहीतच तपासण्याजोगे आहे. पिकांच्या नुकसानीसाठी याच निकषांत दोन हेक्टरांची मर्यादा आहे. तिच्यावरही टीका होते, परंतु पीक बुडाले तरी शेतकऱ्याची जमीन बहुधा शाबूत राहते आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा पेरता येते. पशुपालकाचे तसे नाही. राजस्थानातील राईका, गुजरातेतील रबारी, हिमाचलातील गद्दी, जम्मू-काश्मीरमधील बकरवाल किंवा महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगर यांच्यातील अनेक कुटुंबांची जमीन नाममात्र असते किंवा नसतेच. त्यांची जमीन, त्यांचे पीक, त्यांची बँकेतील ठेव आणि मुलीच्या लग्नाची तरतूद, सारे काही त्या कळपात असते. कळप गेला की हंगाम जात नाही, भांडवलच जाते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे बारावे कलम मदतीची किमान मानके सांगताना जीवितहानी आणि घरांच्या नुकसानीबरोबरच उपजीविकेच्या साधनांच्या पुनःस्थापनेसाठीच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख करते. वीस याकांच्या कळपावर जगणाऱ्या कुटुंबाची उपजीविका तीन याकांच्या किमतीत कशी पुनःस्थापित होते, याचे उत्तर निकषांत सापडत नाही.

चैबासाची सावली

मग ही मर्यादा काढून का टाकली जात नाही? निधीची चणचण हे एक कारण झाले. दुसरे कारण प्रशासनाच्या स्मृतीत खोलवर रुतलेले आहे आणि त्याचे नाव आहे चैबासा. जानेवारी १९९६ मध्ये तत्कालीन बिहारमधील पश्चिम सिंहभूम जिल्ह्याचे उपायुक्त अमित खरे यांनी पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयांवर छापे घातले आणि चारा घोटाळा उघडकीस आला. अस्तित्वात नसलेल्या जनावरांसाठी चारा, औषधे आणि साहित्य खरेदी केल्याची देयके वर्षानुवर्षे कोषागारांतून वटवली जात होती. जनावरे आणि चारा वाहून नेल्याचे दाखवलेल्या वाहनांचे क्रमांक तपासले तेव्हा त्यांत स्कूटरही निघाल्या. घोटाळ्याची एकूण रक्कम साडेनऊशे कोटींच्या घरात गेली आणि लालूप्रसाद यादव यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्यानंतरची अनेक वर्षे खटले, शिक्षा आणि जामीन यांत गेली.

या प्रकरणाने भारतीय प्रशासनाला एक धडा शिकवला. जनावराच्या नावाने निघणाऱ्या पैशाकडे संशयानेच पाहायचे, हा तो धडा. माणसाच्या मृत्यूची नोंद असते आणि पडलेले घर दिसते. जनावर मात्र पुरात वाहून जाते, गिधाडे-कुत्री त्याचा फडशा पाडतात किंवा दुर्गंधीमुळे ते तातडीने पुरले जाते. मेलेले जनावर खरोखर होते का, ते याच घरचे होते का, दुभते होते की भाकड, पुरानेच मेले की म्हातारपणाने, हे सारे ठरवायचे ते पटवाऱ्याच्या पंचनाम्यावरून आणि पशुवैद्याच्या दाखल्यावरून. निकषही आर्थिकदृष्ट्या उत्पादक जनावरांपुरतीच मदत देतात. मर्यादा कमी ठेवली की खोट्या दाव्यांचे नुकसानही आटोक्यात राहते, असा हा हिशेब.

परंतु चैबासात लूट केली ती खात्यातील अधिकाऱ्यांनी, पुरवठादारांनी आणि त्यांना अभय देणाऱ्या राजकारण्यांनी. पशुपालकाने खोटी म्हैस दाखवून सरकारला बुडवल्याची ती कथा नव्हती. मात्र तिची किंमत आज पशुपालक मोजतो आहे. सरकारला फसवणुकीचे भय वाटणे रास्त आहे, पण त्यावरचा उपाय पडताळणी पक्की करणे हा आहे, खऱ्या नुकसानीकडे डोळेझाक करणे हा नाही. आता तर पडताळणीचे साधनही हाती आहे. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारून त्याची नोंद राष्ट्रीय संगणकप्रणालीत केली जाते. महाराष्ट्राने तर २०२४ मध्ये असा बिल्ला नसलेल्या जनावराच्या मृत्यूबद्दल भरपाई न देण्याचाही निर्णय घेतला. बिल्ला सक्तीचा करायचा तर त्याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. ज्या कळपातील प्रत्येक जनावराची नोंद सरकारदरबारी आहे, त्या कळपातील चौथे जनावर खोटे असल्याचा संशय घेण्यास जागा उरत नाही.

रोगाला यादीत जागा नाही

संख्येच्या मर्यादेइतकीच कठोर दुसरी एक मर्यादा आहे, ती आपत्तीच्या व्याख्येची. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीडप्रकोप आणि दहिवर व थंडीची लाट अशा बारा आपत्ती केंद्राने अधिसूचित केल्या. पिकावर पडणारी कीड या यादीत आहे, जनावरांवर पडणारा साथीचा रोग नाही. टोळधाडीने बाजरीचे शेत खाल्ले तर मदतीचा मार्ग खुला होतो, विषाणूने गोठा रिकामा केला तर होत नाही.

या फरकाचे परिणाम २०२२ मध्ये पश्चिम राजस्थानने अनुभवले. गाई-गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी त्वचारोग भारतात २०१९ मध्ये ओडिशात प्रथम नोंदवला गेला होता, परंतु त्याचे उग्र रूप २०२२ च्या उन्हाळ्यात कच्छमध्ये आणि त्यानंतर जैसलमेर, बारमेर, जोधपूर, बिकानेर या पट्ट्यात दिसले. गावांबाहेर मृत गाईंचे ढीग पडले आणि त्यांची विल्हेवाट लावण्यास यंत्रणा अपुरी पडली. एकट्या राजस्थानात सरकारी आकड्यांनुसार ७५ हजारांहून अधिक गोवंश दगावला, आणि खरा आकडा त्याहून कितीतरी मोठा असल्याचे पशुपालक सांगत राहिले.

तत्कालीन मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी लम्पीला राष्ट्रीय आपत्ती घोषित करावे अशी मागणी पंतप्रधानांकडे केली. ती मान्य झाली नाही. राज्यात विरोधी बाकांवर असलेल्या भारतीय जनता पक्षाने सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारच्या विरोधात जयपूरच्या रस्त्यांवर आंदोलन केले. पक्षाच्या एका आमदाराने विधानसभेबाहेर गाय आणली आणि घोषणांच्या गोंगाटाला घाबरून ती पळून गेली. केंद्राने राज्याकडे आणि राज्याने केंद्राकडे बोट दाखवण्याच्या या खेळात गाईच्या नावाने मते मागणारे दोन्हीकडे होते. मेलेल्या गाईच्या मालकाला मदत कोणत्या शीर्षाखाली द्यायची, हे मात्र दोघांपैकी कोणी वेळेवर सांगितले नाही.

अखेर फेब्रुवारी २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात गेहलोत सरकारने लम्पीने दगावलेल्या प्रत्येक दुभत्या गाईमागे चाळीस हजार रुपये देण्याची घोषणा केली आणि जून २०२३ मध्ये सुमारे ४२ हजार पशुपालकांच्या बँक खात्यांत सुमारे १७५ कोटी रुपये जमा केले. साथ ओसरून बरेच महिने उलटले होते आणि विधानसभा निवडणूक उंबरठ्यावर होती. ही मदत दुभत्या गाईंपुरतीच होती. वासरे, कालवडी आणि बैल हिशेबाबाहेर राहिले. महाराष्ट्राने याबाबतीत अधिक तत्परता दाखवली. सप्टेंबर २०२२ मध्येच लम्पीने दगावलेल्या गाईसाठी तीस हजार, बैलासाठी पंचवीस हजार आणि वासरासाठी सोळा हजार रुपये, म्हणजे आपत्ती निधीच्या तेव्हाच्या दरांनीच, पण राज्याच्या तिजोरीतून मदत देण्याचा निर्णय झाला. एकाच विषाणूने, एकाच वर्षी मारलेल्या दोन गाईंच्या मालकांना मदत मिळण्यात इतके अंतर पडले, कारण एक गाय सीमेच्या अलीकडे होती आणि दुसरी पलीकडे.

रोगाच्या बाबतीत कायद्यात आणखी एक विसंगती दडलेली आहे. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे आणि साथ पसरू नये म्हणून सरकारने मारलेल्या पशुपक्ष्यांसाठी भरपाईची केंद्रीय योजनाही आहे. बर्ड फ्लूमध्ये नष्ट केलेल्या कोंबड्या, आफ्रिकन स्वाइन फीव्हरमध्ये मारलेली डुकरे आणि ग्लँडर्सग्रस्त घोडे यांच्या मालकांना तिच्यातून पैसे मिळतात. म्हणजे सरकारने मारलेल्या जनावराची भरपाई आहे, रोगाने मेलेल्याची नाही. साथीच्या नियंत्रणाच्या दृष्टीने यामागे तर्क आहे, कारण भरपाईची हमी नसेल तर कोणी आजारी जनावर दाखवणारच नाही. परंतु लम्पीत गाई मारण्याचे धोरण नव्हते आणि या देशात ते असू शकतही नव्हते. त्यामुळे एका योजनेत बसण्यासाठी जनावर सरकारच्या हातून मरायला हवे होते आणि दुसऱ्या योजनेत बसण्यासाठी पुरात. रोगाने मेलेली गाय दोन्ही दरवाजांबाहेर राहिली.

रोगाला आपत्ती मानता येत नाही, असे म्हणण्यास आता आधार उरलेला नाही. १४ मार्च २०२० रोजी केंद्राने कोविडला राज्य आपत्ती निधीच्या प्रयोजनासाठी अधिसूचित आपत्ती मानले. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाराव्या कलमाखालील किमान मदतीची मानके ठरवणे हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे बंधनकारक कर्तव्य असल्याचे सांगितले, आणि त्यातून कोविडमृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळाले. माणसांच्या साथीसाठी जे दार उघडले ते जनावरांच्या साथीसाठी उघडणे अशक्य नव्हते. राज्यांना स्थानिक आपत्तींसाठी निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे आणि वीज पडण्यासारख्या घटना अनेक राज्यांनी तिच्याखाली आणल्या आहेत. परंतु दहा टक्क्यांच्या कप्प्यात हजारो गावांत पसरलेली साथ मावत नाही.

जनावर एक, मंत्रालये तीन

दिल्लीतील कामकाजाची विभागणीही या गोंधळात भर घालते. पूर, चक्रीवादळ, भूकंप, दरडी यांचा कारभार गृहमंत्रालयाकडे आहे. दुष्काळ, गारपीट, कीड आणि थंडीची लाट कृषी मंत्रालय पाहते. पशुसंवर्धन हा विषय २०१९ पासून मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय या स्वतंत्र मंत्रालयाकडे गेला. लस आणि पशुगणना एका मंत्रालयाकडे, मदतीचे दर दुसऱ्याकडे आणि दुष्काळातील चाऱ्याचा विचार तिसऱ्याकडे, अशी ही वाटणी. प्रत्यक्ष पंचनामा करणारी यंत्रणा राज्याच्या महसूल खात्याची असते आणि दाखला देणारा पशुवैद्य राज्याच्याच दुसऱ्या खात्याचा.

या वाटणीचा सर्वाधिक फटका फिरत्या पशुपालकाला बसतो. मदतीची सारी यंत्रणा गाव, सातबारा आणि शिधापत्रिका यांच्यावर उभी आहे. मेंढरे घेऊन आठ महिने रानोमाळ फिरणारा माणूस ज्या तालुक्यात नुकसान सोसतो तेथील रहिवासी नसतो आणि जेथील रहिवासी असतो तेथे नुकसान झालेले नसते. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि थंडीच्या कडाक्यात मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या, तेव्हा हीच अडचण समोर आली. रात्रीत गारठून मेलेल्या मेंढीचा पंचनामा होईपर्यंत वाडा तेथेच थांबवायचा, की जगलेल्या मेंढ्या वाचवण्यासाठी पुढे सरकायचे, हा पेच कोणत्याही निकषात नोंदलेला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची माहिती प्रथमच स्वतंत्रपणे गोळा करण्याचे ठरले, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी धोरण आखले जात नाही, हा प्रशासनाचा जुना अनुभव. विम्याच्या आघाडीवरही हालचाल झाली आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये शेतकऱ्याचा हप्त्यातील वाटा पंधरा टक्क्यांवर आणला गेला. राजस्थानात गेहलोत सरकारने कामधेनू विमा योजना आणली, पुढे भजनलाल शर्मा सरकारने मंगला पशू विमा योजना आणली. सत्ता बदलली, नाव बदलले, परंतु दोन्ही योजनांत एका कुटुंबाच्या दोनच दुभत्या जनावरांना संरक्षण मिळाले. मर्यादेच्या मानसिकतेबाबत पक्षभेद नाही.

डाकोटाचा अनुभव

अन्य देशांत काय घडते, हे पाहताना अमेरिकेचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात दक्षिण डाकोटा राज्याच्या पश्चिमेकडील ग्रामीण काउंटींवर अवेळी हिमवादळ कोसळले. जनावरे अजून उन्हाळी कुरणांवरच होती आणि त्यांच्या अंगावर हिवाळ्याचे केस आलेले नव्हते. आधी पावसाने भिजून आणि नंतर बर्फात गारठून राज्यातील सुमारे चौदा हजार गुरे मेली. पशुहानीबद्दल मदत देणारी अमेरिकी संघराज्याची योजना तेव्हा अस्तित्वातच नव्हती. तिची मुदत ३० सप्टेंबर २०११ रोजी संपली होती आणि नवा कृषी कायदा काँग्रेसमध्ये रखडला होता. भरीस भर म्हणून अर्थसंकल्पीय भांडणापायी १ ऑक्टोबरपासून संघराज्याचे कामकाज बंद पडले होते, त्यामुळे नुकसानीची नोंद घेणारी स्थानिक कृषी कार्यालयेही कुलूपबंद होती. मेलेल्या जनावरांची छायाचित्रे काढा, मोजणी करून ठेवा, कागद जपून ठेवा, एवढाच सल्ला पशुपालकांना मिळाला. पहिला आधार आला तो लोकांनी देणग्यांतून उभारलेल्या निधीचा.

श्रीमंत देशाचे राजकारणही संकटग्रस्ताला असे वाऱ्यावर सोडू शकते, हा त्यातील एक धडा. दुसरा धडा त्यानंतरचा आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये नव्या कृषी कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्याने ही योजना कायमस्वरूपी केली, तिला १ ऑक्टोबर २०११ पासून पूर्वलक्षी प्रभाव दिला आणि जनावराच्या बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के मदत निश्चित केली. काढून ठेवलेली छायाचित्रे आणि जपलेले कागद कामी आले. २०१८ मध्ये या योजनेतील वैयक्तिक रकमेची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. भारताची तिजोरी आणि अमेरिकेची तिजोरी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण चूक उमगल्यावर मागील तारखेपासून ती दुरुस्त करता येते, आणि बाजारभावाशी नाते राखणारा दर ठरवता येतो, या दोन गोष्टींसाठी श्रीमंतीची अट नाही.

बदल कोठे शक्य आहे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टी आणि पुरानंतर महाराष्ट्र सरकारने जाहीर केलेल्या ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीत एक निर्णय फारशा चर्चेविना होऊन गेला. दगावलेल्या जनावरांच्या मदतीसाठी केंद्रीय निकषांतील तीन जनावरांची अट राज्याने काढून टाकली. प्रत्येक दुभत्या जनावरामागे ३७,५०० आणि ओढकामाच्या जनावरामागे ३२,००० रुपये देण्याचे ठरले. वरचा बोजा अर्थातच राज्याने उचलायचा. सधन राज्याला हे जमू शकते. सिक्कीम, लडाख किंवा राजस्थानच्या वाळवंटी जिल्ह्यांतील पशुपालकाला अशी सवलत मिळेल की नाही, हे त्याच्या राज्याच्या तिजोरीवर आणि निवडणुकीच्या वेळापत्रकावर सोडणे न्याय्य नाही. निकष राष्ट्रीय आहेत तर सुधारणाही राष्ट्रीयच असायला हवी.

ती करण्यासाठी मुहूर्तही योग्य आहे. २०२२ च्या निकषांचा कालावधी पंधराव्या वित्त आयोगाबरोबर मार्च २०२६ पर्यंतचा होता आणि अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखालील सोळाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींचा काळ एप्रिल २०२६ पासूनचा. नव्या कालखंडासाठीच्या निकषांत मर्यादा सरसकट काढणे जड वाटत असेल तर उतरत्या दराचा मार्ग आहे. पहिल्या तीन जनावरांना पूर्ण दर, पुढच्या सात जनावरांना अर्धा आणि त्यापुढे पाव. ज्या कुटुंबाकडे जमीन नाही त्याच्यासाठी हे प्रमाण अधिक उदार ठेवता येईल. अधिसूचित आपत्तींच्या यादीत कीडप्रकोपाच्या शेजारी जनावरांच्या साथीला स्थान देता येईल, आणि लसीकरणाची नोंद असण्याची अट घातली तर मदतीबरोबर लसीकरणालाही बळ मिळेल. फिरत्या पशुपालकाचा पंचनामा जेथे जनावर पडले तेथेच व्हावा आणि मदत कानातील बिल्ल्याच्या नोंदीवरून त्याच्या खात्यात जावी. यांतल्या कोणत्याही सूचनेसाठी संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. गृहमंत्रालयाचे एक पत्र पुरते, कारण आजवरचे निकषही पत्रानेच बदलत आले आहेत.

देशात २०१९ च्या गणनेनुसार ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे. ज्यांच्या दारात ते उभे आहे त्यांच्यापैकी बहुतेकांकडे दोन-तीनच जनावरे असतात, त्यामुळे तीनची मर्यादा बहुसंख्यांना जाचत नाही, असे आकडेवारी सांगेल. ते खरेही आहे. म्हणूनच मर्यादा शिथिल केल्याने तिजोरीवर कोसळणारा भार भीती वाटते तितका मोठा असणार नाही. ज्यांना ती जाचते ते संख्येने थोडे आहेत, विखुरलेले आहेत, मतदानाच्या दिवशी अनेकदा आपल्या गावापासून शेकडो मैल दूर असतात, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे दिल्लीत फारसे कोणी नाही. मुकुथांगच्या खोऱ्यात चौथ्या याकापाशी थांबलेला हिशेब पुढे न्यायचा की नाही, याचा निर्णय म्हणूनच त्यांच्या मतांवर नव्हे, तर निकषांची फाईल हाताळणाऱ्यांच्या न्यायबुद्धीवर अवलंबून आहे.